गाडी धुणाऱ्यांनो, कॅन सोबत आणा!

वाचकहो, आपले पहूर हे रस्त्यावरचे गाव. एका अंगाला जळगाव, दुसऱ्या अंगाला अजिंठा लेणी आणि पुढे छत्रपती संभाजीनगर. शिवाय पाचोरा आणि जामनेर या दोन्ही बाजूंची वाहतूक इथूनच जाते. रस्ता आला की ट्रक आले, ट्रक आले की गॅरेज आले, पंक्चरची टपरी आली आणि त्यांच्या शेजारी गाड्या धुण्याचा रॅम्प आला. पूर्वी गाडी धुणे म्हणजे एक बादली, एक फडके आणि मूठभर कपडे धुण्याची पावडर. आता पंप आला, हातात गन आली, फोम आला, टायर काळे करायचे वेगळे, ॲल्युमिनियमची चाके चमकवायचे वेगळे, इंजिनाचे ऑइल काढायचे वेगळे. हाच पंप घेऊन पोरे आता घरांच्या पाण्याच्या टाक्या धुतात, नव्या बांधकामाच्या फरशीवरचे सिमेंटचे डाग काढतात, छतावरची सोलर पॅनेल धुतात. धंदा चांगला आहे, हाताला काम मिळते, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती त्या पंपाशेजारी ओळीने मांडलेल्या, नाव नसलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनबद्दल.

या कॅनमध्ये काय आहे असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते, "साबण आहे, डॉक्टरसाहेब." आंबट, खारट, तिखट सगळ्यालाच आपण ‘भाजी’ म्हणावे, तसे हे झाले. कारण त्या कॅनांपैकी एकात खरोखर साबण असतो, दुसऱ्यात कॉस्टिक सोडा असतो, तिसऱ्यात ॲसिड असते, चौथ्यात सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे पातळ ब्लीचिंग असते. चारही वस्तूंचा रंग दुकानदाराच्या मर्जीने गुलाबी किंवा निळा केलेला असतो आणि चारही वस्तूंनी होणारी इजा आणि तिचा उपचार अगदी वेगवेगळा असतो.

आजचा लेख आहे तो या वस्तूंच्या कागदाबद्दल. रसायन बनवणारा कारखाना प्रत्येक घातक रसायनासोबत एक माहितीपत्रक तयार करतो. त्याला सेफ्टी डेटा शीट म्हणतात. आपण त्याला सुरक्षा पत्रक म्हणू. आपल्याकडे १९८९ सालच्या घातक रसायनांच्या नियमांनुसार घातक रसायनाचे असे पत्रक ठेवणे आणि डब्यावर नाव, धोका आणि उत्पादक यांची माहिती लिहिणे बंधनकारक झाले. हे नियम कशामुळे आले, तेही सांगतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला. डोळे चोळत, खोकत हजारो माणसे हमीदिया रुग्णालयात आली. समोर रुग्णांचा पूर लोटलेला, आणि नेमका कोणता वायू सुटला, त्यावर उतारा आहे की नाही, हे तिथल्या डॉक्टरांना कोणी धड सांगू शकले नाही. डोळ्यांत थेंब घालणे, प्राणवायू देणे, लक्षणे पाहून उपचार करणे एवढेच हातात उरले. विष जितके वाईट, तितकेच विषाचे नाव ठाऊक नसणे वाईट असते, हे त्या रात्री साऱ्या जगाला कळले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला, १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांना धोक्याची माहिती देण्याचे बंधन मालकावर आले, आणि मग हे १९८९ चे नियम आले.

आता वाचक म्हणतील, भोपाळचा कारखाना कुठे आणि पहूरचा रॅम्प कुठे! बरोबर आहे. कायदा झाला तो मोठ्या कारखान्यांकडे बघून. दोन पोरे आणि एक पंप असलेल्या जागेवर तपासणीला कोणी येत नाही. पण जळगावच्या दुकानातून वीस लिटरचा कॅन आपण आणतो, तेव्हा तो मूळच्या मोठ्या ड्रममधून भरलेला असतो. ड्रमवर लेबल असते, पत्रकही कुठेतरी फाइलमध्ये असते. ड्रममधून कॅनमध्ये ओतताना रसायन तेवढे येते, कागद मात्र मागेच राहतो. ही गळती कोणत्याही नळाच्या गळतीपेक्षा महाग पडते.

ती किती महाग पडते याचे एक उदाहरण माझ्या दवाखान्यातले. रात्री दहाच्या सुमारास एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आला. उजव्या हाताची बोटे दुसऱ्या हाताने घट्ट धरलेली, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी. बोटे पाहिली तर काही विशेष नाही. थोडी लाली, नखांभोवती कातडी जरा पांढुरकी. बरोबरचा मित्र म्हणाला, "नाटक करतो हा. दुपारपासून काही नव्हते." खरोखरच दुपारी काही नव्हते. दुपारी तीन वाजता त्याने एका ट्रकची ॲल्युमिनियमची चाके ‘चमकीच्या पाण्याने’ घासली होती, रबरी हातमोज्याला दोन बोटांशी भोक होते, आणि कळा सुरू झाल्या संध्याकाळी सातनंतर.

दुखणे फार आणि दिसते थोडे, आणि मधे चार तासांची शांतता. असे वर्णन ऐकले की डॉक्टरच्या मनात एक नाव यायला हवे, ते म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड, किंवा त्याचे भाऊबंद असलेले फ्लोराइडचे क्षार. मी मालकाला फोन करून कॅन मागवला. कॅन आला, त्यावर लेबल नव्हते. मालकाने दुकानदाराला फोन केला, दुकानदार म्हणाला, "साधे क्लीनर आहे." शेवटी दुकानदाराच्या मुलाने गोदामात जाऊन मूळच्या ड्रमवरचे लेबल मोबाइलवर वाचून दाखवले, त्यात अमोनियम बायफ्लोराइड निघाले. या सगळ्यात पाऊण तास गेला. तोपर्यंत मी हात वाहत्या पाण्याखाली ठेवायला लावला होता आणि संशयावरूनच कॅल्शियमचा लेप सुरू केला होता. नाव कळल्यावर रुग्णाला कुठे पाठवायचे आणि तिथल्या डॉक्टरांना काय सांगायचे हे निश्चित झाले. मुलगा वाचला, बोटेही वाचली, एक नख गेले.

हे ॲसिड इतर ॲसिडांपेक्षा निराळे का, ते समजून घेण्यासारखे आहे. बाथरूम धुण्याचे ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, अंगावर पडले की लगेच चरचरते, माणूस उडी मारून पाण्याकडे धावतो. हे चरचरणेच त्याला वाचवते. फ्लोराइडचे पातळ द्रावण तसे करत नाही. ते कातडीतून मुकाट्याने आत झिरपते आणि आतल्या कॅल्शियमला पकडते. कॅल्शियम म्हणजे केवळ हाडांतला चुना नव्हे. मज्जातंतू, स्नायू आणि मुख्य म्हणजे हृदय यांच्या कामाला रक्तातले कॅल्शियम लागते. द्रावण वीस टक्क्यांहून पातळ असेल तर वेदना सुरू व्हायला चोवीस तासही लागू शकतात. तीव्र द्रावण अंगाच्या मोठ्या भागावर पडले, किंवा पोटात गेले, तर रक्तातले कॅल्शियम झपाट्याने उतरून हृदयाचे ठोके बिघडतात आणि मृत्यू येऊ शकतो. म्हणूनच यावर उपाय कॅल्शियमचाच. कॅल्शियम ग्लुकोनेटची अडीच टक्क्यांची जेल चोळायची असते. ती तयार मिळाली नाही तर डॉक्टर इंजेक्शनमधले कॅल्शियम ग्लुकोनेट साध्या जेलीत मिसळून बनवू शकतो. नुसते बर्नॉल चोपडून इथे काही होत नाही.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट आहे असेही समजू नका. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात गाड्या आणि ट्रक धुणाऱ्या ४८ कामगारांना याच ॲसिडाने इजा झाल्याची नोंद झाली. त्यांपैकी सात जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तिथे कायदा आहे, तपासनीस आहेत, इंग्रजी वाचणारे कामगार आहेत, तरीही.

पत्रकात काय वाचायचे?

सुरक्षा पत्रक हातात आले तरी बहुतेक जण ते घडी करून ठेवतात, कारण ते इंग्रजीत असते आणि दहा-बारा पानांचे असते. घाबरू नका. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००३ पासून या पत्रकाचा एकच जागतिक नमुना ठरला आहे. कंपनी कोणतीही असो, त्यात सोळा भाग असतात आणि त्यांचे क्रमांक ठरलेले असतात. देवळात कुठे गाभारा आणि कुठे सभामंडप हे जसे न विचारता कळते, तसेच हे. रॅम्पवाल्याला सोळाही भाग वाचायची गरज नाही. वाहतुकीचा, कायद्याचा, उकळबिंदूचा भाग सोडून द्या.

दुसऱ्या भागात धोका लिहिलेला असतो आणि लाल चौकटीच्या, कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनात चित्रे असतात. इंग्रजी येत नसले तरी चित्र कळते. हातावर आणि धातूच्या पट्टीवर थेंब पडून ते खाल्ले जात आहेत असे चित्र असेल तर ते जाळणारे रसायन. कवटी असेल तर जिवावर बेतणारे विष. माणसाच्या छातीवर चांदणीसारखा फुटलेला आकार असेल तर ते हळूहळू फुप्फुस किंवा इतर अवयव बिघडवणारे. ज्वाळा असेल तर पेट घेणारे. तिसऱ्या भागात आत काय काय आहे त्याची नावे आणि शेकडा प्रमाण असते, आणि डॉक्टरला सगळ्यात आधी हाच भाग हवा असतो. चौथ्यात प्रथमोपचार. आठव्यात कोणते हातमोजे, कोणता चष्मा. हातमोज्यांचीही जात असते. भाजी चिरताना घालायचा पातळ पिशवीसारखा मोजा कॉस्टिकपुढे टिकत नाही. नायट्राइलचा किंवा निओप्रीनचा जाड मोजा लागतो, आणि भोक पडलेला मोजा मोजा नसल्यापेक्षा वाईट, कारण त्यात गेलेले रसायन कातडीला चिकटून आतच राहते.

आणि दहावा भाग. हा भाग बहुतेक कोणीच वाचत नाही, आणि माझ्या मते रॅम्पवर भिंतीला रंगवून ठेवावा असा हाच आहे. कोणती वस्तू कशात मिसळू नये, ते यात असते.

आपल्या खान्देशातल्या शेतकऱ्याला हे लगेच पटेल. केळीच्या ठिबकच्या नळ्या क्षाराने चोंदल्या की आपण ॲसिड सोडतो, आणि शेवाळ झाले की क्लोरीन, म्हणजे ब्लीचिंगचे पाणी सोडतो. जाणता शेतकरी ही दोन्ही कामे एकाच वेळी करत नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली जर्मन सैन्याने बेल्जियममधील ईप्र गावाजवळ शत्रूवर सोडला होता, तोच हा वायू. शेतात मोकळी हवा असते, वारा असतो, माणूस खोकून बाजूला पळतो. पण पाण्याची टाकी धुणारा पोरगा टाकीच्या आत उतरलेला असतो. आधी तळाचा क्षाराचा थर काढायला ॲसिड ओतले, मग घासून झाल्यावर ‘निर्जंतुक’ करायला त्यातच हायपोक्लोराइट ओतले, की संपले. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड. तो वर जात नाही, तळाशी, म्हणजे पोराच्या तोंडाशीच साचतो. वर उभा असलेला सोबती त्याला काढायला आत उडी मारतो आणि दोघेही अडकतात. टाकी, विहीर, सेप्टिक टँक, कुठेही हेच घडते. आत एकटे उतरू नये, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा, त्याला ओढून घेणारा माणूस वर असावा आणि त्या वरच्या माणसाने काहीही झाले तरी आत उडी मारू नये. एका रसायनाने काम झाले की भरपूर पाण्याने टाकी धुऊन ते पाणी पूर्ण काढून टाकावे, मगच दुसरे रसायन.

क्लोरीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. रुग्णाला बाहेर काढल्यावर बरे वाटते, खोकला कमी होतो, तो चहा मागतो. सगळे निर्धास्त होतात. पण फुप्फुसात पाणी भरायला काही तास जाऊ शकतात आणि रात्री धाप लागते. म्हणून चांगला खोकला, छातीत आवळल्यासारखे, डोळे-घशाची आग असे झालेल्या माणसाला त्या दिवशी घरी झोपवू नये. रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे.

कॉस्टिकची गोडबोली

ॲसिडाला सगळे घाबरतात, ‘तेजाब’ म्हटले की माणूस दोन पावले मागे सरतो. कॉस्टिकला मात्र कोणी घाबरत नाही, कारण ते हाताला साबणासारखे बुळबुळीत लागते. ते बुळबुळीत का लागते ठाऊक आहे? आपल्या कातडीतल्या चरबीचाच तो साबण बनवत असतो! ॲसिड कातडी करपवते आणि त्या करपलेल्या थरानेच बहुधा स्वतःची वाट अडवते. कॉस्टिक मात्र मांस विरघळवत आत आत जाते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. डोळ्यात गेले तर बुबुळाचा काच ढगाळ होऊन कायमचे अंधत्व येऊ शकते. पानाच्या चुन्याची पुडी फुटून डोळ्यात गेलेली मुले आपल्याकडे पुष्कळांनी पाहिली आहेत. जात तीच, कॉस्टिक तिचा मोठा भाऊ.

इंजिनाचे ऑइल काढायच्या बहुतेक क्लीनरमध्ये ते कमी-अधिक असते. पत्रकाच्या नवव्या भागात पीएच म्हणून एक आकडा असतो. सात म्हणजे साधे पाणी. एक-दोनकडे गेला तर ॲसिड, तेरा-चौदाकडे गेला तर कॉस्टिक. प्रत्येक आकड्यागणिक जोर दहा पट वाढतो. दुकानदाराला एवढा एक आकडा जरी विचारला तरी ‘साबणच आहे’ या उत्तराची परीक्षा होते.

उपचार काय? पाणी, पाणी आणि पाणी. अंगावरचे भिजलेले कपडे, चपला, हातातला गंडादोरा, घड्याळ आधी काढा. नळाच्या साध्या धारेखाली निदान वीस मिनिटे, कॉस्टिक असेल तर त्याहून जास्त वेळ धुवा. डोळा असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवा. डोळा मिटून वरून धुण्यात काही अर्थ नाही. आणि कृपा करून हातातल्या गनने धुऊ नका! घाबरलेल्या सोबत्याने गनच डोळ्यासमोर धरावी, असा विचार माणसाला घाईत सुचतो. ॲसिड पडले म्हणून सोडा लावायचा, कॉस्टिक पडले म्हणून लिंबू पिळायचे, हा शाळेतल्या प्रयोगशाळेचा न्याय माणसाच्या कातडीला लावू नये. दोन्ही भेटले की उष्णता निर्माण होते आणि भाजण्यावर भाजणे होते. टूथपेस्ट, शाई, हळद, खोबरेल तेल यांपैकी काहीही नको. चुकून पोटात गेले तर उलटी करवू नये. जाताना जळलेली अन्ननलिका येताना पुन्हा जळते. मिठाचे पाणी पाजणे, घशात बोट घालणे बंद. शुद्धीवर असेल तर तोंड खळखळून धुवावे आणि तडक रुग्णालय गाठावे.

पोटात जाईलच कसे, असे वाटत असेल तर रॅम्पवरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बघा. वीस लिटरच्या कॅनमधून रोजच्या कामापुरते ॲसिड त्या बाटलीत काढून ठेवलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. तहानेने जीव व्याकूळ झालेला माणूस बाटलीचे बूच उघडतो आणि तोंडाला लावतो, वास घेत बसत नाही. पिण्याच्या बाटलीत रसायन भरू नये, एवढा एक नियम जरी पाळला तरी माझ्यासारख्यांचे निम्मे काम कमी होईल.

उन्हाचा विषय निघाला म्हणून सांगतो. हातमोजे, गमबूट, चष्मा घाला म्हटले की पोरे हसतात. त्यांचेही चुकत नाही. मुंबई-पुण्याला बसून लिहिलेल्या सूचना खान्देशच्या उन्हात पाळायच्या म्हणजे गमबुटात पायाचा पापड होतो. यावर माझा तोडगा असा: साध्या पाण्याने आणि शाम्पूने धुताना बनियन-चप्पल चालेल. रसायनाचे काम सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर करा, आणि त्या वीस-पंचवीस मिनिटांपुरतेच मोजे, बूट, चष्मा चढवा. दुपारच्या उन्हात ॲसिडाची वाफही जास्त उठते आणि हायपोक्लोराइटचा कॅन तापून फुगतो, म्हणून तो सावलीत ठेवायचा, ॲसिडापासून लांब. पातळ करताना ॲसिड पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडात नव्हे.

गनच्या दाबाबद्दल दोन शब्द, कारण पत्रकात ते सापडणार नाही. ट्रकच्या टायरमध्ये जेवढा दाब असतो, साधारण सात बार, तेवढ्यानेही पाण्याची बारीक धार कातडी फोडून आत शिरू शकते. गाडी धुण्याच्या पंपाचा दाब शंभर बारच्या घरात असतो. बोटावर धार लागली, टाचणीएवढे भोक पडले, रक्तही आले नाही, म्हणून लोक पट्टी बांधून कामाला लागतात. आतमध्ये मात्र पाणी, फोम आणि ऑइल शिराशिरांतून पार तळहातापर्यंत गेलेले असते. ही शस्त्रक्रियेची घाई असलेली केस आहे, काही तासांत हात उघडून साफ करावा लागतो, नाहीतर बोट जाते. डिझेल किंवा जुने ऑइल फवारणाऱ्यांनी हे अधिक ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे हे अशक्य नाही

‘आमची पोरे शिकलेली नाहीत, ती कसले पत्रक वाचतात’ असे मालक म्हणतात. मला हे पटत नाही. आपल्या शेतकऱ्याला कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण कळतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. १९६८ चा कायदा आणि १९७१ चे नियम यांनी हे लेबल आणले, सोबत स्थानिक भाषेतला कागद आणला, त्यावर विषबाधेची लक्षणे आणि उतारा छापला. कागद छापून काम भागते असेही नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारा वरून तोंडावर येणारा, आणि एका पंपात दोन-तीन औषधे मिसळलेली. अशा रुग्णाला ‘काय फवारले’ असे विचारले तर मजूर काय सांगणार? मालकाने जे दिले ते फवारले. डबा शेतात, माणूस रुग्णालयात. कागद माणसाबरोबर आला नाही तर तो असून नसल्यासारखा आहे. पण निदान तिथे कागद होता, त्रिकोण होता. रॅम्पवरच्या कॅनला तेवढेही नाही.

करायचे काय, तर फार थोडे. दुकानदाराकडून माल घेताना पत्रक मागा. तो कुरकुर करेल. कंपनीच्या नावावरून मोबाइलवर मागवा. बहुतेक कंपन्या पाठवतात. पत्रकच मिळत नसेल तर तो माल घेऊ नका, दुसऱ्या कंपनीचा घ्या, मग चार पैसे जास्त गेले तरी चालतील. चाके चमकवायच्या मालात फ्लोराइड आहे का, हे स्पष्ट विचारा. असेल तर सरळ नको म्हणा, बिनफ्लोराइडचा माल मिळतो, चमक थोडी कमी येते इतकेच. ॲसिड विकण्याबाबत तर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिलेले आहेत. विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याची ओळख घ्यायची. ते ॲसिड हल्ल्यांमुळे आले, पण तीच नोंद अपघातातही उपयोगी पडते.

मग गावातल्या एखाद्या विज्ञानाच्या मास्तरांकडून किंवा औषधाच्या दुकानदाराकडून प्रत्येक वस्तूचे एक पान मराठीत उतरवून घ्या. नाव, आतले मुख्य रसायन, कशात मिसळू नये, अंगावर पडले तर काय, डोळ्यात गेले तर काय. पाच ओळी पुरेत. ते पान प्लॅस्टिकमध्ये घालून पंपाच्या वर टांगा. कॅनवर त्याच नावाची, पुसली न जाणाऱ्या रंगाने मोठी अक्षरे काढा. छोट्या डब्यात काढले तर त्या डब्यावरही. पानाच्या तळाशी तीन गोष्टी लिहा: १०८ ही रुग्णवाहिका, जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक, आणि दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा विनामूल्य क्रमांक १८०० ११६ ११७. या केंद्राला रसायनाचे नाव सांगितले की उपचाराची माहिती मिळते. डॉक्टरांनीही तिथे फोन करायला लाजू नये. मात्र तेही पहिला प्रश्न हाच विचारणार की रसायनाचे नाव काय.

धुतलेले पाणी कुठे जाते, हा बाराव्या भागाचा विषय. तो वेगळ्या लेखाचा आहे. आपल्या नाल्यांचे पाणी वाघूर नदीत जाते आणि पुढे वाघूर धरणातून जळगावकर पितात, एवढे इथे नमूद करून ठेवतो.

राहता राहिला दवाखान्यात येण्याचा प्रश्न. पहूरहून जळगाव सुमारे ४० किलोमीटर. इथून पुढे पाठवायचे की नाही, हे ठरवायला मला एक मिनिट पुरते, जर रसायन कोणते ते कळले तर. रुग्णासोबत चार माणसे येतात, दोन मोटारसायकली येतात, एकजण पाण्याची बाटली आणतो, एकजण सरपंचांना फोन लावतो. त्यातल्या एकाने कॅन उचलून आणावा. बूच घट्ट लावून, पिशवीत घालून, गाडीच्या मागे सरळ उभा ठेवून. कॅन फुटका असेल तर लेबलाचा आणि टांगलेल्या पानाचा फोटो काढून आणावा. आणि रुग्णाला धुणे थांबवून कॅन शोधत बसू नये. धुणाऱ्याने धुवावे, शोधणाऱ्याने शोधावे. दवाखाना बंद दिसला तरी मागच्या दाराची कडी वाजवा, मी वरच राहतो.